समसमान

मेमधला पहिला गुरुवार.
कधी गारा, कधी कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर,
आणि पहाटे साडेपाचला मी
काळ्या पत्र्याच्या पेट्या व्हॅनमध्ये चढवणारा.

अ‍ॅशमूर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा जन्म मी पाहिला.
त्र्याहत्तर साल. चार जुनी मंडळे कागदावर एक झाली
आणि म्हातारे म्हणाले, आमचे नाव गेले.
एकाने तर मतपत्रिकेवर फुलीऐवजी
आपल्या जुन्या मंडळाचे नावच लिहिले.
मी ती बाद मतांच्या गठ्ठ्यात सरकवली.
मत गुप्त असते; पण ते वळणदार अक्षर
मी बेकर गॉडबीअरच्या केकवर दर शनिवारी वाचत होतो.

एकोणऐंशी: संसदेची निवडणूक त्याच दिवशी.
लोक मोठ्या कागदासाठी आले
आणि जाता जाता आमच्या छोट्या कागदावरही फुली मारून गेले.
त्र्याऐंशी: निम्मे प्रभाग बिनविरोध.
अपर लॅव्हिसमध्ये सलग तीनदा कोणी उभेच राहिले नाही,
कारण समोर कोणी उभे राहिले की मेजर स्कोबेल
वर्षभर चर्चमध्ये त्याच्याशी बोलत नसत.

केंद्रे म्हणाल तर मेथडिस्ट हॉल,
पबमागची स्किटल खेळायची लांब खोली,
एकदा चिखलात रुतलेला कॅरॅव्हॅन:
दिवसभरात एकोणीस मतदार आणि एक मेंढी.
दाराशी कुत्री बांधलेली,
आत दोरीला पेन्सिल बांधलेली.

मग सत्त्याऐंशी.
नेदर कूम प्रभाग.
सुईण एडना स्ट्रॅडलिंग, अपक्ष.
तिची मागणी एकच, पत्रकावर जाड अक्षरात:
बसथांब्याजवळचे शौचालय बंद करू नका.
लोक हसले. गरोदर बायका हसल्या नाहीत.
समोर रेजिनाल्ड पॉफम, सफरचंदांच्या बागांचे मालक,
निळी फीत, भक्कम हस्तांदोलन.

मोजणी क्रीडाकेंद्रात, बास्केटबॉलच्या जाळ्याखाली.
चारशे अकरा. चारशे अकरा.
फेरमोजणी.
चारशे अकरा, चारशे अकरा.
रात्री दोनला मिस्टर हॉस्किन्सनी
बिस्किटांचा डबा रिकामा करायला सांगितले.
दोन चिठ्ठ्या, एकसारख्या घड्या.
त्यांनी डोळे मिटले, चष्मा काढून.
पॉफम.

एडना टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली होती.
शौचालयाला पुढच्या सप्टेंबरात कुलूप लागले.
आता तिथे कॉफी मिळते, महाग.

आणि मी?
मी नेदर कूमचाच मतदार.
ड्युटी दुसऱ्या प्रभागात, म्हणून टपाली मत मागायचे होते.
अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होता,
माझ्याच हाताने छापून घेतलेला,
आणि तारीख उलटून गेली.
दुसऱ्यांना महिनाभर तारीख बजावत होतो मी.

छत्तीस वर्षे हे कोणाला सांगितले नाही.
मग फर्मान आले:
अ‍ॅशमूर बंद, सगळे मोठ्या काउंटीत विलीन.
पुन्हा तेच. आता आम्हीच म्हातारे.
निकालांची वही अभिलेखागारात द्यायच्या आधी
ती काखेत मारून मी वृद्धाश्रमात गेलो.
एडना खिडकीशी बसली होती, गुडघ्यांवर चौकडीचे ब्लँकेट.
पान उघडले. सगळे सांगितले.
तिने चहा संपेपर्यंत काही म्हटले नाही.
मग विचारले, कोणाला देणार होतास?

खोटे बोलता आले असते.
बाहेर कोणीतरी गवत कापत होते.
पॉफमला, मी म्हणालो.
दर नाताळात पेटीभर सफरचंदे पाठवायचा तो.

ती इतकी हसली की नर्स धावत आली.
अरे, मग बरे झाले विसरलास, ती म्हणाली,
तुझ्या विसरण्यानेच
मला त्या डब्यात निम्मी जागा मिळाली.

मग वही स्वतःकडे ओढून
आपल्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवले,
आणि बराच वेळ उचलले नाही.